एका मेंढीचे दोन पेले

“अर्ज उद्या देऊ, भाऊसाहेब. आदी डॉक्टरबाई दूध बघत्यात म्हणाल्या,” असे भिवा मेंढपाळाने मला सांगितले, तेव्हा अर्जाची शाईही वाळली नव्हती.

दौंडला कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझा मसुदा पाहून वकीलही मान डोलावतात. भिवाचे प्रकरण गंभीर होते. वरवंडच्या आप्पांच्या शेतात दरवर्षी त्याचा कळप खतासाठी बसतो. यंदा तेथून उठल्यावर काही मेंढ्यांचे दूध आटले. कोकरे उपाशी ओरडू लागली. बाणी ही सर्वांत दुधाळ मेंढी तो खाटकाला देण्यास निघाला होता. आप्पांनी औषध फवारलेला पाला घातला, हा त्याचा संशय. मी त्यास ‘हेतुपुरस्सर विषप्रयोग’ असे भारदस्त रूप दिले. अर्ज दाखल होताच ते शेत त्याला कायमचे बंद होणार, हे उघड होते. परंतु न्यायाची किंमत मोजावी लागतेच.

डॉक्टरबाई जनावरांच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या. वय माझ्या मुलीएवढे. तेव्हापासून माझ्या टेबलाजवळची माणसे त्यांच्या पायरीवर दिसू लागली. उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, हेही लोक त्यांनाच विचारीत! हे मला झोंबत होते. लपविण्याचे कारण नाही.

त्यांच्याकडे प्रयोगासाठी आलेल्या कागदी पट्ट्या होत्या. कासेत जंतू शिरले की शरीर काही ठरावीक प्रोटीन सोडते आणि ते दुधात उतरते. दूध डोळ्यांना चांगले दिसत असले तरी पट्टीवर रेघ उमटते. या रोगाला कासदाह म्हणतात.

मी ठरविले, बाईंची उलटतपासणी घ्यायची. भिवाला म्हणालो, “बाणीचेच दोन पेले भरून आण. दोन मेंढ्यांचे म्हणून सांग.”

“आन् बाईंनी वळखलं तर?”

“ओळखतील कशाने? दुधावर नाव असते काय?”

दवाखान्यात मी स्वतः हजर राहिलो. बाईंनी पट्ट्या बुडविल्या. एकीवर रेघ आली, दुसरी कोरी राहिली.

“ही मेंढी आजारी आहे. ही दुसरी ठणठणीत.”

“बाई,” मी खुर्चीवरून उठलो, “दोन्ही पेले एकाच मेंढीचे आहेत!”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भिवाला विचारले, “दूध कसं काढलंत?”

“उजव्या सडाचं ह्यात, डाव्याचं त्यात.”

“मग बरोबर आहे. मेंढीच्या कासेचे दोन भाग आतून वेगळे असतात. उजवा बिघडलाय, डावा चांगला आहे. विष पोटात गेलं असतं, तर एकच बाजू कशी बिघडली असती? पिळणाऱ्या हातानं जंतू नेलेत. हात धुऊन पिळा, आजारी मेंढ्या शेवटी घ्या. कोकराला डावीकडचं पाजा.”

“म्हंजी बाणी इकायला नगं?”

“कशाला विकता? औषध देते.”

माझा अर्ज माझ्याच युक्तीने निकाली निघाला. बाणी वाचली, कोकराने बाळसे धरले. बाजारात भिवा सांगत सुटला, “बाईंनी एका कासंतली दोन दुधं वळखली.” दोन पेल्यांची कल्पना कोणाची, हे त्याने एकदाही सांगितले नाही.

पुढे वरवंडला आप्पा भेटले. माझ्या अर्जातला ‘विषप्रयोग’ त्यांच्या कानावर गेला होता. “या भाऊसाहेब,” ते म्हणाले, “ईख घालणाऱ्याच्या हातचा च्या चालंल न्हवं?”

चहा घेतला. साखर जास्त होती.

अर्ज लिहिताना कागदाच्या डावीकडे समास सोडतात. उलटतपासणी घेण्यापूर्वीही थोडा सोडावा. आपल्याविरुद्धचे उत्तर मावण्यापुरता.