श्यामलाबाई आणि करारातली अरबी ओळ

श्यामलाबाई मूळच्या बेळगावच्या, बी.एस्सी. झालेल्या. नवरा गेल्यावर जयनगरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्यांनी एकुलत्या लेकीला, रंजिताला, मेकॅनिकल इंजिनियर केलं. दूधवाल्याचं माप असो की डॉक्टरचं निदान, दोनदा पडताळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. १९९५ साली रंजिताने मस्कतच्या नोकरीचं नाव काढलं आणि त्यांच्या चौकशा सुरू झाल्या.

नोकरी सुचवली होती हयवदन अण्णांनी. मस्कतमधल्या भारतीय इंजिनियरांच्या मंडळाचे ते जुने सदस्य. सुटीवर आलेले आणि कायमचे परतलेले वीस-पंचवीस जण महिन्यातून एका शनिवारी जयनगरात जमत. समुद्राचं पाणी गोडं करणारे प्लांट, पंप, वाळूने झिजलेले व्हॉल्व्ह, असल्या गप्पा चालत. रंजिता सहा महिने नेमाने जात होती.

"फी नाही, कमिशन नाही. मग लोकांच्या पोरी परदेशी धाडायची यांना एवढी हौस कसली?"

"आई, एकदा येऊन बघ तरी!"

बाई गेल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून शेवटच्या खुर्चीवर बसल्या. मंडळाची एक रीत होती: निकामी झालेला भाग टेबलावर ठेवायचा आणि आपली चूक सांगायची, कंपनीकडे बोट दाखवायचं नाही. अण्णांनी पंपातलं पितळी चाक ठेवलं. कसर लागलेल्या शालीसारखं ते कुरतडलेलं होतं.

"आत येणारा पाइप मी अरुंद घेतला. पाण्यात बुडबुडे होऊन फुटत राहिले, त्यांनी धातू खाल्ला. चूक माझी."

बाईंना वाटलं, लहान चुका इतक्या मोकळेपणाने सांगणारा माणूस मोठी झाकत असणार. त्या उभ्या राहिल्या.

"अण्णा, पंप दाखवलात. तुम्ही पाठवलेल्या पोरांपैकी कुणाचं वाटोळं झालं, तेही सांगा की."

रंजिताने मान खाली घातली. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"चंद्रकांत. दोन वर्षांपूर्वी पाठवला. करार मी नीट वाचला नाही. तिथं त्याला गोदामात पेट्या मोजायला बसवलं, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला. अकरा महिने अडकला."

"पत्ता द्या त्याचा."

"आई!"

अण्णांनी तो लिहून दिला.

रविवारी बाई शहरातल्याच शिवाजीनगरला चंद्रकांतच्या वर्कशॉपमध्ये हजर. अण्णांनी पढवून ठेवला असेल, म्हणून आधी त्यांनी आडूनआडून विचारलं. तो हसला.

"अक्का, अण्णा माणूस चांगला, पण स्वल्प भोळा. इंग्रजी करार बघून भुलू नका. भांडण कोर्टात गेलं तर तिथं अरबी प्रतच खरी धरतात. ती मागवा."

अरबी प्रत यायला तीन आठवडे लागले. अण्णा म्हणाले, मंडळातले एकजण वाचून देतील. बाईंनी साफ नकार दिला आणि शिवाजीनगरच्याच एका अरबी शिकवणाऱ्या मास्तरांकडे ती नेली. पद बरोबर, पगार बरोबर. शेवटून तिसऱ्या ओळीवर मास्तर थांबले. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात राहील, असं तिथं लिहिलं होतं. इंग्रजी प्रतीत त्याचा पत्ता नव्हता.

बाईंनी मास्तरांकडून लिहून घेतलेल्या भाषांतराचा कागद रंजितापुढे ठेवला. पोरीने तो दोनदा वाचला, मग उठून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. बाई काचेबाहेर उभ्या राहिल्या. आत रंजिता कंपनीच्या माणसाला ठणकावून सांगत होती: ती ओळ काढा, नवी प्रत पाठवा, नाहीतर मी येत नाही.