चौदा चुलींचे भागोजीबाबा

भागोजीबाबा रोज सकाळी चौदा चुली पेटवायचे आणि राहायचे मात्र एकटे.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी लांज्याहून मंडणगडकडे ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी म्हणून नुकताच आलो होतो. पंचायत पाच वाड्यांची, जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला. माणसांपेक्षा कातळच जास्त. पहिल्याच सकाळी ओढ्यापलीकडच्या वरच्या वाडीत चौदा घरांवर धूर दिसला आणि मला हायसं वाटलं. निदान एक वाडी तरी नांदती आहे म्हणायची! साकवावरून, म्हणजे दोन खोडं टाकून वर बांबू बांधलेल्या पुलावरून, मी पलीकडे गेलो. बघतो तर एकेका दाराला बाहेरून कुलूप. आत लाकूड चुरचुरत होतं, कौलांतून धूर निघत होता, आणि हाक मारली तर ओ नव्हती. मी तिसऱ्या घराच्या पुढे गेलोच नाही.

तेवढ्यात कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गुडघ्यापर्यंत पंचा आणि धुराने लाल झालेले डोळे घेऊन एक म्हातारा मागच्या बाजूने आला. "नवे शेक्रेटरी ना तुमी? घाबरू नका. घरातली समदी मुंबयला हायत. बसा वाईच."

तेरा घरांतली माणसं गिरणीत लागली होती. जाताना प्रत्येकाने किल्ली बाबांच्या हातात दिली होती आणि एवढंच सांगितलं होतं, "बाबा, चूल बघा." कोकणातल्या घराला धूर लागतो, नाहीतर चार पावसांत वाळवी वासे खाऊन टाकते. बाबा ओली लाकडं आणि शेणी घालून चूल धुमसती ठेवायचे, वर पाण्याचं मडकं चढवायचे आणि कुलूप लावून पुढच्या घरी जायचे. मडकं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "नुसत्या धुरानं घर फसत नाय शेक्रेटरी. त्याला वाटाया पायजे, कोणतरी जेवनार हाय."

दार उघडण्याआधी ते खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभे राहून हाक मारायचे, "येतंव रं आत!" मग थांबायचे. त्यांचा तो थांबण्याचा वेळ मला फार अवघड जायचा. एकदा हाक मारून ते गर्रकन पाठमोरे झाले आणि मलाही पाठ फिरवायला लावली. म्हणाले, "बाई न्हातेय." मला हसू आलं. तेवढ्यात आत तांब्या दगडावर टेकल्याचा आवाज झाला. उंदीर असेल, असं मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो. पण त्या दिवशी मी दार उघडेपर्यंत पाठ फिरवूनच उभा होतो.

जेवायचेसुद्धा ते पाळीपाळीने. आज गोविंदाकडे, उद्या सखारामकडे. एकदा मला आग्रहाने गोविंदाच्या बंद घरात जेवायला नेलं आणि तीन पानं मांडली. तिसरं कोणाचं, असं मी विचारताच बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच अडाणी ठरलो. "यजमान नको?" त्या दिवशी माझी पेज तशीच राहिली, बाबा मात्र तिसऱ्या पानाकडे बघून गावच्या गप्पा मारत निवांत जेवले.

त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीतून विचारणा आली. जिथे वस्ती उरलेली नाही अशा वाड्या बेचिराख म्हणून लिहून कळवाव्यात. अशा वाडीचा रस्ता, विहीर, साकव पुढे पंचायतीने बघायचं कारण नाही. मी नवा कारकून; खरेपणाचा मला फार उमाळा होता. बाबांना विचारलं, "इथे राहतात किती?"

"चुली मोजा ना. मानसं काय, येतात-जातात."

मी एक माणूस, तेरा बंद घरं असं लिहिलं आणि पुढे 'बेचिराख'. बाबांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. जिथे दिवा लागत नाही ती वस्ती, असं मी सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "साकव गेला तर पोरं गनपतीला येतील कशी? आनि एकदा यायची ऱ्हायली की ऱ्हायलीच." मी कागदाची घडी घातली आणि निघालो.

आषाढात साकव वाहून गेला. कोणी बांधला नाही. ओढा असा फुगला की पलीकडे जायची सोय उरली नाही. रोज सकाळी मी अलीकडून धूर मोजायचो. अपराधी माणसाला मोजण्याशिवाय दुसरं काय सुचणार? श्रावणात एके दिवशी तेराच भरले. बाबांच्या स्वतःच्या घरावर धूर नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. बाकीचे तेरा वेळच्या वेळी. लोक म्हणाले, म्हातारा दुसऱ्यांच्या चुली फुंकता फुंकता आपली विसरला.

पाणी उतरल्यावर मी पोलीस पाटलांना घेऊन गेलो. बाबा आपल्या घरात घोंगडीवर होते. पाटलांनी नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाले, "पंधरा दिस तरी झाले असतील." किल्ल्या कमरेलाच होत्या. मी त्या सोडवून घेतल्या आणि गोविंदाचं कुलूप काढलं. चुलीत निखारा होता. मडक्यातल्या पाण्याला वाफ होती. दुसरं घर पाहून पाटील खळ्यात उतरले. "चला शेक्रेटरी. हितं आपलं काम नाय." मी तेराही घरं उघडली. प्रत्येक चुलीपाशी हात धरला.

कचेरीला मी नवा कागद पाठवला : पेटत्या चुली तेरा, बंद एक. वाडी नांदती आहे, साकव हवा. साहेबांनी बोलावून विचारलं, स्वतः पाहिलंस का? म्हटलं, हाताला चटका बसला, साहेब. पुढच्या उन्हाळ्यात साकव झाला.

त्या गणपतीला पहिला आला गोविंदा, बायकोमुलांना घेऊन. किल्ल्या माझ्याकडेच होत्या, कुलूप मीच काढलं. वासे ठणठणीत, कुठे वाळवीचं नाव नाही. चुलीतला निखारा बघून तो दारातच थबकला. "बाबा तर गेल्या सालच्या श्रावनात गेले. मग वर्सभर चूल कोन बघत व्हतं?"

"बाबाच," मी म्हणालो.

त्याने मला वेड्यात काढलं नाही. चुलीपाशी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, ऱ्हावंद्या आता. मी आलंव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूल थंड होती. गोविंदाच्या बायकोने काडी ओढून ती पेटवली. मी खळ्यात उभा राहून पोटभर रडलो. बाबा गेल्याचं मला खरं म्हणजे त्या सकाळी कळलं.