सतरावी टीप

नवऱ्याचं पुस्तक बायकोनं टाइप करू नये. केलंच तर त्यातली दुसऱ्या बायकांची नावं वाचू नयेत. हे मला आज कळतं. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, पण अक्कल नववीतल्या पोरीची होती.

राळेगावात माझा टायपिंगचा क्लास होता. मशिनी गेल्या, कंप्युटर आला, तरी माझी बोटं मशीनचीच राहिली. आमचे हे शाळामास्तर. रिटायर झाल्यावर सायकलवर गावोगाव फिरून कापसाच्या जुन्या रीतीभाती गोळा करत. ते कापसाचे वाईट दिवस होते. बियाण्याची पाकिटं दरसाल नव्या नावाची येत, आणि घरची सरकी शेणमातीत चोळून पेरणारी माणसं एकेक करून चालली होती. हे म्हणत, "आता लिवून ठेवलं नाई तर कोणाले मालूम बी होणार नाई."

ते चिठ्ठ्यांवर लिहीत, मी टाइप करी. टाइप झालेली चिठ्ठी लगेच न्हाणीतल्या बंबात. टेबल कसं लख्ख! त्या लख्ख टेबलाचा मला केवढा गर्व होता.

कोणती गोष्ट कोणी सांगितली, हे तळटिपांमध्ये होतं. एकशे चाळीस टिपा. पानाखाली जागा सोडायची कटकट नको म्हणून त्या मी वेगळ्या फाइलीत टाइप करून ठेवल्या, आणि आकडे सगळे हातानं टाकले.

"अवं, कंप्युटर सोताच नंबर टाकते म्हणतात," हे एकदा म्हणाले.

"मंग मले कायले ठेवलं? त्यालेच सैपाकाले बी लावा."

हसले. वाद घालायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

त्या टिपांमध्ये शेजारच्या गावातली एक बाई सारखी यायची. चौथ्या टिपेत ती, नवव्या टिपेत ती. सतरावी तर अर्ध्या पानाची. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात, तेव्हा ती जे गाणं म्हणायची ते सगळं त्यात उतरवलेलं. शेवटी यांनी लिहिलं होतं, "इतका गोड गळा मी दुसरा ऐकला नाही."

मी पंचवीस वर्षं यांच्यासमोर आरत्या म्हणत आले होते. चिठ्ठी बंबात गेली, आणि टाइप केलेली सतरावी टीपही मी उडवली. मग मोठ्या हुशारीनं अठराची सतरा केली, एकोणिसाची अठरा, असं शेवटपर्यंत. फाइल सेव्ह केली, फ्लॉपीतसुद्धा तीच भरली. मजकुरातले त्या टिपांचे बारीक आकडेही बदलायचे असतात, हे काही त्या हुशार बाईच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्याच महिन्यात यांचं पोटाचं दुखणं निघालं. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. घरी आल्यावर यांनी खाटेवर छापील पानं मागवली. शेवटचं प्रकरण तेवढं लिहायचं राहिलं होतं, त्याआधी मागचं एकदा नजरेखालून घालू म्हणाले.

सतराव्या आकड्यापासून सगळं बिघडलं होतं. ढाणकी गावच्या एका म्हाताऱ्याचं बोलणं भलत्याच्या नावावर, त्या भलत्याचं तिसऱ्याच्या.

"सतरावी टीप कुठं गेली वं?"

मी भाजी निवडत होते. वर पाहिलं नाही. "तुमी देल्लीच नाई."

यांनी पानं पुन्हा मागंपुढं चाळली. मग म्हणाले, "नसंल देल्ली. औषधानं डोकं जाऊन राह्यलं माह्यं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी मेथी निवडत राहिले.

त्यानंतर ते एकेक आकडा लाल पेनानं दुरुस्त करू लागले. रोज दोन-चार पानं होत. स्वतःवरचा त्यांचा भरवसाच उडाला होता. गोळी घेतली का, हेही मला दोनदोनदा विचारत. माणूस जाता जाता स्वतःच्या डोक्याला भीत होता, आणि ते डोकं शेवटपर्यंत धड होतं, हे ठाऊक असलेली एकटी मी. लाल खुणा एकशे सहाव्या आकड्यापर्यंत पोचल्या. शेवटच्या प्रकरणाची एक ओळही लिहून झाली नाही.

ते गेल्यावर मी यवतमाळच्या छापखान्यात पानं घेऊन गेले. तिथल्या कंप्युटरवरच्या बाईनं टिपा कशा घालायच्या ते दाखवलं. घरी येऊन मी सगळ्या टिपा नव्यानं घातल्या. सतरावीची जागा चुकून राहून गेली, म्हणून ती मागून घातली, तर खालचे सगळे आकडे डोळ्यांदेखत एकेकानं पुढे सरकले. बटण एकच दाबलं होतं. मी स्क्रीनवर हात ठेवून रडले.

जागा झाली, पण तीत लिहायला काही नव्हतं. म्हणून त्या बाईच्या गावी गेले. पाहते तर ऐंशीच्या घरातली म्हातारी, तोंडात दोन दात.

"मास्तरीणबाई व्हय तुमी? या, बसा. लई भला माणूस होता."

सीतादहीला काय म्हणायची ते मी विचारलं. ती ओठ हलवत राहिली. दोन शब्द आले, तिसरा येईना.

"वावरात उभं राह्यलं का आपोआप येत होतं. वावर पोरानं इकलं. आता तिथं सोयाबीन हाये." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पर तुमाले काय फिकर? मास्तरनं समदं लिवून नेलतं ना."

"हो," मी म्हटलं. तिथंही खरं बोलले नाही.

छापखान्यातल्या बाईनं विचारलं, "सतरावी टीप रिकामी काहून? काढून टाकू का? नंबर बरोबर लागतात आपोआप."

"काढू नको," म्हटलं. तिला उठवून तिच्या खुर्चीत बसले आणि स्वतः टाइप केलं : "ही टीप लेखकाने लिहिली होती. टाइप करणारीने मत्सराने काढून टाकली. लेखकाचा विसर नव्हे."

तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पान छपाईला पाठवलं.