तिसरी आणि चौथी डिस्क

दौंडला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर. लग्नसराईत दाजींची चार माणसं चार कॅमेरे घेऊन यवतपासून वरवंडपर्यंत फिरतात. त्या सगळ्या फोटोंसाठी मी शिरूरहून नेऊन एक मशीन बसवलं होतं. बाजारातलं तयार मशीन दाजींना परवडत नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं. मी सुट्टे भाग जमवले, घासाघीस केली, निम्म्यात काम उरकलं. पाबळच्या तंत्रशाळेत वेल्डिंग शिकलेला माणूस पुढं सर्व्हर बांधतो, हे मी कुणाच्या शिफारशीवर केलेलं नाही.

त्या मशीनला चार कप्पे होते. ट्रे ओढला की डिस्क हातात येते. पहिल्या दोन डिस्क मी लिनक्समध्ये एकत्र जोडल्या होत्या, म्हणजे कॉम्प्युटरला त्या दोन न दिसता एकच मोठं कोठार दिसायचं. ह्या पद्धतीचा फायदा असा की जागा संपली की आणखी एक डिस्क जोडायची, कोठार वाढतं, आतलं काही हलवावं लागत नाही. फक्त नवी डिस्क आधी तयार करावी लागते. तिच्या सुरुवातीला एक खूण लिहिली जाते, ही आता कोठाराची म्हणून. त्या जागी आधीचं जे असेल ते जातं.

कोठार भरलं तेव्हा मी कामात होतो. तात्पुरती म्हणून तिसरी डिस्क नुसतीच, न जोडता लावली आणि त्या वर्षीची सगळी लग्नं तिच्यावर गेली. त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. वेगळी डिस्क घ्या, असं मी दाजींना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू हायेस की." हे वाक्य मी विसरणार नाही.

चौथी डिस्क माझ्याकडं पडून होती. तिसरी आणि चौथी ही जोडी मी पुण्यात एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून एकदम घेतली होती, दोन घेतल्या म्हणून भाव पाडून. एकच कंपनी, एकच माप, कुठल्या तरी कारखान्यातून निघालेल्या. जुन्या आहेत हे दाजींना माहीत होतं. त्यांनीही माझ्याशी त्यावर घासाघीस केली होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी गेलो. चौथ्या कप्प्यात डिस्क बसवली, मशीन तिला कोणत्या नावानं ओळखतं ते कागदावर लिहिलं. हे नाव कप्प्यावरून पडतं, आत डिस्क कुठली आहे त्यावरून नाही. काम चालू असताना कुणी तिसरीवर फोटो टाकू नयेत म्हणून तिसरी कप्प्यातच ठेवून, नुसत्या आज्ञेनं मशीनपासून सोडवून ठेवली, मशीन सुरू होताना ती आपोआप जोडली जाणार नाही असं केलं. तेवढ्यात वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मी मशीन बंद करून शिरूरला परत आलो.

मध्ये खंडेनवमी होती. स्टुडिओत त्या दिवशी कॅमेरे, लेन्स, फ्लॅश सगळं पाटावर मांडून पुजतात. त्या वर्षी आक्कानं डिस्कही काढल्या, पुसल्या, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि संध्याकाळी परत कप्प्यांत सरकवल्या. पहिली दुसरी जागेवर गेल्या. तिसरी चौथ्या कप्प्यात गेली, चौथी तिसऱ्यात.

दसऱ्याला दुपारी मी पुन्हा बसलो. कोठार बिनतक्रार उघडलं. कागदावरचं नाव बघून मी डिस्क तयार करण्याची आज्ञा दिली. मशीननं विचारलं, ह्या डिस्कवर आधीचं काही आहे, पुसू का? नवी कोरी डिस्क असती तर हा प्रश्न येताच मी खुर्चीतून उठलो असतो. पण माल जुना होता. कारखान्याचं काहीतरी असणारच, म्हणून मी हो म्हटलं. तिसरी मशीनला जोडलेली असती तर मशीननं सरळ नकार दिला असता. ती मीच सोडवून ठेवली होती. डिस्कवर छापलेला नंबर ताडून बघायला ट्रे ओढावा लागला असता, एक मिनिटाचं काम. ते मी केलं नाही.

डिस्क कोठाराला जोडली, कोठार वाढवलं. मग तिसऱ्या कप्प्यातले फोटो आत घ्यायला गेलो, तर तिथं कुण्या कारखान्याचे हजेरीचे फोल्डर.

मशीन बंद केलं आणि ट्रे ओढले. ट्रेच्या कडेला कुंकू होतं. मी ओरडलो. कुणी हात लावला, कुणाच्या बापाची अक्कल चालली, असलं बरंच बोललो. अल्बम लावणारी दोन माणसं खाली बघत राहिली. दाजी म्हणाले, "शेठ, आवाज खाली घ्या. गिऱ्हाईक हाय भाईर."

आक्का जिन्यातून खाली आली. म्हणाली, "मी काढल्या. पूजेला."

मी म्हणालो, "शाळा न बघितलेल्या माणसानं मशीनला हात कशाला लावावा?"

आक्का सातवीनंतर शाळेत गेली नाही. का गेली नाही, हे मला चांगलं माहीत आहे. मी तेव्हा दुसरीत होतो, आई आजारी होती, आणि घरात मला आंघोळ घालून शाळेत पाठवणारं दुसरं कुणी नव्हतं. ती वर गेली.

ती डिस्क मी शिरूरला आणली. खूण सुरुवातीलाच लिहिली जाते, म्हणून मागचं बरंचसं शिल्लक होतं. कोठार वाढवताना मात्र ठिकठिकाणी लिहिलं गेलं होतं. फोटो शोधणारा प्रोग्राम पाच दिवस चालला. फोटो आले, पण नावं गेली, फोल्डर गेले. नुसते नंबर. काही अर्धे करडे. तारखेवरून लावता येतील, असं कुणाला वाटेल. पण एका मुहूर्तावर आमची चार माणसं चार गावांत असतात. तारखेवरून दिवस कळतो, मांडव कळत नाही. अल्बम तर बहुतेकांचे बाकीच होते, लोक फोटो निवडायला सहा सहा महिने लावतात.

मी म्हणालो, मी येऊन बसतो, सगळे लावून देतो. दाजींनी नको सांगितलं. आक्का बसली. दिवाळी गेली तरी ती बसलेली होती, सकाळचं आवरून जेवणापर्यंत आणि परत चारनंतर. कुठली करवली कुठल्या नवरीची, कुठल्या मांडवाचं कापड कुणाचं, हे तिला चेहऱ्यांवरून आणि साड्यांवरून कळत होतं. माउस धरायला ती त्यासाठीच शिकली. हे मला दाजींच्या माणसाकडून समजलं. एक यवतचं लग्न आणि एक हळद सोडून तिनं सगळं लावलं.

मग दाजींनी पुण्याचा माणूस आणला. त्यानं तेच कोठार केलं, त्याच पद्धतीनं, आणि प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी मलाही चिकटवता आली असती. पण डिस्क काढून पाटावर पुजल्या जातील हे त्या पुणेकरालाही सुचलं नसतं. त्याला ते माझ्यामुळं कळलं, आणि काम त्याचं झालं. यवतच्या लग्नघरी दाजी म्हणाले, "आमच्या मेव्हण्यानं जुना माल घातला." घासाघीस कोणी केली, दुसरी प्रत कोणी नको म्हटली, ते नाही सांगितलं. वरवंडच्या दोन गिऱ्हाइकांनी त्यानंतर मला फोन करणं सोडलं.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला मी गेलो होतो. आक्कानं ओवाळलं, ताट वाढलं. जेवण झाल्यावर मी विषय काढला. म्हणालो, चूक माझी धर, पण निम्मी तुझी आहे की नाही तेवढं सांग. मला तेवढंच हवं होतं. एवढी घासाघीस मी आयुष्यभर करत आलोय, निम्म्यावर समोरचा येतोच.

ती भांडी गोळा करत होती. म्हणाली, "मी काढल्या त्या तशाच लावल्या, असं मी कवा म्हणले? तू आल्या आल्या खुर्चीत बसलास. इचारलं का काही?"

मी म्हणालो, विचारायचं काय, कप्प्यातल्या वस्तू जागेवर असतात.

"व्हय," ती म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.

अजूनही माझं म्हणणं आहे की डिस्क काढायला नको होत्या. दाजींशी माझं बोलणं नाही, आणि ते मला नकोच आहे. आक्का दर रविवारी माझ्या बायकोला फोन करते. मुलांच्या परीक्षा विचारते, माझं गुडघ्याचं औषध चालू आहे का ते विचारते. मी समोर खुर्चीत बसलेला असतो. फोन ह्याच्याकडं दे, असं ती म्हणत नाही. मीही हात पुढं करत नाही.