एक जूनला जन्मलेले

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज एक छोटी चौकट असते. आजच्या तारखेला जन्मलेले लेखक, कवी, शास्त्रज्ञ, खेळाडू. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची बातमीदारी माझ्याकडे होती, तेव्हा या चौकटीसाठी स्थानिक लेखकांच्या जन्मतारखा गोळा करण्याचं कामही माझ्याकडे आलं. मी यादी पाठवली. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून उपसंपादकाचा फोन आला.

"तुमच्याकडचे सगळे लेखक एकाच दिवशी कसे जन्मले? तपासलंय ना?"

"तपासलंय."

"सगळे एक जून?"

"सगळे नाहीत. पण बरेचसे."

उपसंपादक शहरात वाढलेला होता. त्याला सांगावं लागलं की त्या पिढीत मूल जन्मल्याची तारीख घरात कोणी लिहून ठेवत नसे. शाळेत घालायची वेळ आली की गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. हात पोचला की मूल शाळेच्या वयाचं. मग साल अंदाजाने आणि तारीख एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे हिशेबाला ती सोयीची पडे. या भागातले त्या वयाचे शेतकरी, शिपाई, तलाठी, पुढारी एक जूनचे असतात. लिहिणारे वेगळे असण्याचं कारण नव्हतं.

यादी छापून आली आणि शिरूरच्या एका वाचनालयाने त्यावरून कार्यक्रम ठरवला. दोन्ही तालुक्यांतल्या, एक जूनला जन्मलेल्या पाच साहित्यिकांचा सत्कार. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षपदावरून कार्यकारिणीत भांडण झालं होतं. त्यामुळे या वेळी नियमच केला गेला की पाचांपैकी जो वयाने सगळ्यांत मोठा, तो अध्यक्ष. कोणाला बोलायला जागा नको.

नियम करताना दोन माणसांचं साल कोणी ताडून पाहिलं नव्हतं.

एक कवी दौंड तालुक्यातल्या राहू गावचे. बौद्ध वस्तीत घर, दौंडला रेल्वेत नोकरी, निवृत्तीनंतर पुन्हा गावी. चार कवितासंग्रह. कोणत्याही संमेलनात त्यांना शेवटच्या सत्रात बोलावत. त्यांचं नाव पुकारेपर्यंत मंडपवाल्याची माणसं मागच्या खुर्च्या उचलायला लागलेली असत, आणि निवेदक त्यांना दोनच कविता वाचायची विनंती करत असे. अध्यक्षपद त्यांना कधी मिळालं नव्हतं. का मिळालं नव्हतं हे कोणी बोलून दाखवत नसे. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याचा फार भरवसा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कार्यक्रमाच्या आधी मी त्यांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, "एकदा अध्यक्षाचं भाषण करायचंय. माझ्या हातानं लिहिलेलं, माझ्या डोळ्यानं वाचून. पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर त्याला मी काय करू?"

दुसरे कवी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. धनगर घरातले. वडिलांच्या हयातीपर्यंत मेंढरं घेऊन फिरणं होतं, आता कांदा आणि डाळिंब. कविता मोजक्या. त्यांचा जन्म कवठ्यात झाला नव्हता. राहूच्या शिवारात नदीकाठी कळप बसलेला असताना, राहुटीत झाला होता. पुढे एका वर्षी तिथला मुक्काम लांबला आणि गावातल्या शाळेत एकाच सकाळी या दोन मुलांचे हात डोक्यावरून कानाला गेले. दोघांना एकच तारीख मिळाली आणि एकच साल.

कवठ्याच्या कवींनी मला एका मुलाखतीत या जन्माबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्यांची आई अडली तेव्हा राहूच्या वस्तीवरून जी बाई धावून आली, ती राहूच्या कवींची आई. नाळ तिने कापली. तिचा मुलगा तेव्हा तिच्या मागे चालत आला होता. म्हणजे दोघांत दीड-दोन वर्षांचं अंतर नक्की. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "हे छापू नका. भावकीला चालणार न्हाई." छापू नका म्हणून सांगितलेलं मी बोलूनही दाखवत नाही. बातमीदारीतला तो साधा नियम आहे.

एक जूनच्या सकाळी वाचनालयाच्या फाटकावर मोठा फ्लेक्स होता. मधोमध कवठ्याचे कवी, फेटा बांधलेले, खाली 'अध्यक्ष' असं लिहिलेलं. बाकी चौघे कडेला गोलात. फ्लेक्स त्यांच्या पुतण्याने परस्पर लावला होता. पुतण्या गावच्या राजकारणात आहे. तो दोन गाड्या भरून माणसं आणि एक ढोलपथक घेऊन आला होता. ढोल फाटकाशीच वाजत होते.

राहूचे कवी पारगावच्या पुलावरून जावयाच्या गाडीने आले. फ्लेक्ससमोर थांबले, चांगला डोळा जवळ नेऊन वाचला, आणि आत येऊन चिटणीसांना म्हणाले, "माझं साल काय लिहिलंय तुमच्याकडं?"

चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, सावध गृहस्थ. त्यांनी यादी काढली. मग चष्मा पुसला. मग पाचही सत्कारमूर्तींना आणि मला हॉलमागच्या वृत्तपत्रांच्या खोलीत नेलं. पुतण्या न बोलावता आला.

"आबा, आप्पा, बारीकशी अडचण झालीय," चिटणीस म्हणाले. आबा म्हणजे कवठ्याचे, आप्पा म्हणजे राहूचे. "दोघांचं सालही एकच निघालं."

"अडचण कसली त्यात?" पाचांतल्या खुटबावच्या कथालेखिका म्हणाल्या. "आमच्या गुरुजींनी एका सकाळी निम्मा वर्ग जन्माला घातला हुता. त्यांनाच करा अध्यक्ष."

थोडं हसू झालं. पुतण्या हसला नाही.

"फ्लेक्स लागलाय," तो म्हणाला. "त्याच्यावर आमच्या आबांचा फोटो हाय. आता काय ब्लेडनं कापायचा?"

"कापू नका," राहूचे कवी म्हणाले. "फोटो झकास आलाय. मला नियम तेवढा सांगा."

"ज्येष्ठ तो अध्यक्ष," चिटणीस म्हणाले.

"मग थोरला कोण ते काढा."

"पण कागदावर तर..."

"कागदावर आमी जुळं हाय. एक वस्तीत जन्मलं, एक मेंढरात."

पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. तो सरळ झाला.

"आप्पा, तुमी रेल्वेतलं माणूस. कार्यक्रमाची गाडी कशाला लेट करताय?"

"गाडी मी न्हाई थांबवली. सिग्नल कुणी धरलाय ते बघा."

चिटणीसांनी मधला मार्ग सुचवला. अध्यक्षस्थानी आबा, आणि आप्पा सन्माननीय अतिथी. दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, हारही सारखाच.

"अतिथी मी कवापासून हाय," राहूचे कवी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पाव्हण्याला घरचं कवा करणार ते सांगा. आज न्हाई म्हणायचं असलं तर न्हाई म्हणा. जावई गाडीतच बसलाय, मी परत जातो."

ते परत गेले असते तर पुन्हा आले नसते, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. चिटणीसांनाही. त्यांनी घाम पुसला आणि कवठ्याच्या कवींकडे वळले.

"आबा, तुम्हीच काय ते सांगा आता."

कवठ्याचे कवी स्टुलावर बसले होते. पुतण्याने त्यांना फेटा आधीच बांधला होता आणि खांद्यावर नवं घोंगडं दिलं होतं. एवढा वेळ ते समोरच्या टेबलावर पसरलेल्या पेपरांकडे बघत होते. हॉलमध्ये कोणीतरी माइकवर हॅलो, हॅलो करत होतं. बाहेर ढोलाचा ठेका बदलला. त्यांनी बाहेर कान दिला. गप्प बसणं त्यांना सोपं होतं. गप्प बसले असते तर यजमान तालुक्याचा माणूस म्हणून खुर्ची त्यांच्याकडे आली असती, आणि कोणी त्यांना खोटं बोलले असंही म्हटलं नसतं.

"बोला की आबा," पुतण्या म्हणाला. "थोरलं तुमीच. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"गावाला काय म्हाईत?" ते म्हणाले. "गाव कुठं हुतं तवा? आमी राहूच्या नदीला हुतो." मग चिटणीसांना म्हणाले, "थोरला हा हाय."

"आबा, उगं काय बी..."

"तू गप. मी जन्मलो तवा हा चालत हुता. माझी आई अडली हुती. बायामाणसं सगळी लांबच्या तळावर. ह्येची आई आली, रातभर बसली. नाळ तिनं कापली माझी. आन् हा तिच्या मागं मागं आला, तर आमच्या कुत्र्यानं ह्येचं आंगडं फाडलं."

पुतण्याने दाराकडे बघितलं. दारात त्याच्याबरोबर आलेली दोन-तीन माणसं उभी होती. त्यांनी ऐकलं होतं. तो पुढे होऊन खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, गाडीत चला. माणसं ऐकत्यात."

"ऐकू दे."

"उद्या गावात तोंड कुणी द्यायचं? मी का तुमी?"

"मी देतो. मला तोंड हाय अजून."

पुतण्या निघून गेला. जाताना दार आपटलं नाही, ओढून घेतलं. थोड्या वेळाने बाहेरचे ढोल थांबले.

चिटणीसांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता, पण राहूचे कवी जागचे हलले नव्हते. मला वाटलं होतं, ते कवठ्याच्या कवींचा हात धरतील. त्यांनी धरला नाही.

"तुला म्हाईत हुतं," ते म्हणाले.

"व्हय."

"मलाबी. आई मरूस्तवर सांगत हुती."

"मग तूच का न्हाई बोललास? मघाशी वाद घालत बसलास नुसता."

"मी बोललो असतो तर मागितल्यावानी झालं असतं. ते तू बोलायचं हुतं. आन् आज न्हाई. लई आधी."

कवठ्याच्या कवींनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. खुटबावच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला, लोक ताटकळल्यात." आम्ही हॉलमध्ये गेलो.

दोन गाड्यांतली माणसं निघून गेली होती. मधल्या ओळी रिकाम्या होत्या. कडेला वाचनालयाचे नेहमीचे सभासद, काही शिक्षक, राहूहून आलेली थोडी माणसं. निवेदकाने अध्यक्षांचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या उशिरा सुरू झाल्या, कारण फ्लेक्स वाचून आलेल्यांना दुसरं नाव अपेक्षित होतं. कवठ्याचे कवी त्यांच्या शेजारी, सत्कारमूर्तींच्या पहिल्या खुर्चीवर बसले. फेटा त्यांनी काढला नव्हता.

राहूच्या कवींनी भाषण वाचलं. मोठ्या अक्षरात लिहिलेले सुटे कागद होते. कागद ते चेहऱ्याच्या अगदी जवळ, उजव्या बाजूला धरत, त्यामुळे तोंड माइकपासून दूर जाई आणि आवाज कमी होई. मग लक्षात आलं की ते पुन्हा माइककडे येत. एका ठिकाणी ओळ सापडेना. निवेदक मदतीला पुढे झाला. त्यांनी हाताने त्याला थांबवलं आणि ओळ सापडेपर्यंत गप्प उभे राहिले. कोणी उठून गेलं नाही.

भाषणात ते म्हणाले की आम्ही पाच जण एका दिवशी जन्मलो असं लिहून ठेवलेलं आहे. आम्ही खरे केव्हा जन्मलो, हे आमच्या आयांना माहीत होतं. कोणाला पेरणीच्या दिवसांत मूल झालं, कोणाला जत्रेच्या आदल्या रात्री. लिहिणाऱ्याने त्यांना विचारलं नाही, आणि पुढे आम्हीही लिहायला शिकलो तेव्हा विचारलं नाही. हे भाषण त्यांनी घरी, आधीच लिहिलेलं होतं. सकाळी खोलीत घडलेल्या गोष्टीचा त्यात उल्लेख नव्हता आणि त्यांनी तो वरून घातलाही नाही. शेजारी बसलेले कवठ्याचे कवी शेवटपर्यंत समोर बघत होते.

बातमी मी चार परिच्छेदांत लिहिली. अध्यक्ष म्हणून राहूच्या कवींचं नाव आणि भाषणातला मुद्दा. मागच्या खोलीतलं काही लिहिलं नाही.

कार्यक्रमानंतर चहा झाला. माणसं पांगली. कवठ्याचे कवी पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघत होते. ज्या गाडीने ते आले होते, ती त्यांना न घेता गेली होती. राहूच्या कवींचा जावई गाडी फाटकाशी घेऊन आला.

"चल, बस," राहूचे कवी म्हणाले. "कवठ्याला सोडून मग आमी जाऊ."

"नगं. यष्टीनं जातो."

"ह्या उन्हात?"

"तुझ्या गाडीतनं चावडीपुढं उतरलो तर आजच्या आज भावकीचं सुरू हुईल. यष्टीनं गेलो तर निदान घरापर्यंत जाता तरी यील."

"मग तुझ्या घरापर्यंत मी येतो. बघू कोण काय म्हणतं."

"तू येशील, बोलशील, आन् सांजच्याला राहूला जाशील. मला तिथं ऱ्हायचंय." त्यांनी घोंगड्याची घडी घातली आणि काखेत धरली. "आज नगं. माझं मी बघतो."

राहूचे कवी गाडीचं दार धरून उभे राहिले. कवठ्याचे कवी फाटकाबाहेर पडले आणि एस. टी. स्टँडच्या दिशेने चालू लागले. जावयाने गाडी सुरू केली. "कुठवर गेला रे?" म्हणून सासऱ्यांनी त्याला विचारलं. जावयाने सांगितलं, दिसत नाहीत आता, वळले.