ताईने काढून घेतलेला लाडू

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळा गावात एका बागायतदाराच्या खळ्यात सुपारीच्या ढिगाशेजारी उकिडवा बसलो होतो. भाव जवळजवळ ठरला होता. फोनवर भाचीचं, मनालीचं नाव दिसलं. "मामा..." एवढंच ती म्हणाली आणि मी म्हणालो, "सौदा चाललाय, थांब जरा, मीच करतो." फोन कापला. भाव आणखी थोडा खाली ओढला, चहा घेतला आणि मग फोन लावला. मनाली मला कधी फोन करत नव्हती, म्हणजे काहीतरी घडलं असणार हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल... पण ताईच्या घरचा फोन आहे, थोडा ताटकळू दे, असं मनात आलं हे खरं.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. रेवदंड्याला खाडीच्या बाजूला तिचं घर. नवरा लवकर गेला, तिने शाळेत शिकवून मुलगी वाढवली, आणि निवृत्त झाल्यावर एक तांबूस कुत्रं पाळलं, त्याचं नाव बाळ्या. मी सातवीनंतर शाळा सोडली. लोकांचे नारळ सोलण्यापासून सुरुवात केली आणि आज नारळ-सुपारीच्या धंद्यात मला दत्ताशेठ म्हणतात. आमच्या लहानपणी घरात गोड म्हणजे गुळाचा खडा, तोही आईने लपवून ठेवलेला. म्हणून हातात पैसा आल्यापासून मी कुणाच्या घरी मिठाईच्या पेटीशिवाय गेलो नाही. पेटी पुढे केली की मला उंच झाल्यासारखं वाटे. माणसाला द्यावं, पोराला द्यावं, दारातल्या कुत्र्यालाही द्यावं. ताई दर वेळी सांगायची, "दत्ता, बाळ्याला गोड घालू नकोस." मी दर वेळी हसून तिची पाठ वळायची वाट बघायचो.

त्या भाऊबीजेला माझ्याबरोबर एक मोठा व्यापारी होता. त्याला बागा दाखवायच्या होत्या, म्हणून वाटेत ताईकडे नेला. साजूक तुपातले बेसनलाडू आणले होते, वर बेदाणे लावलेले. ताई आत ताट तयार करत होती. बाळ्याने माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला आणि मी एक अख्खा लाडू त्याच्या तोंडात दिला. ताईने दारातून ते पाहिलं. कुंकवाच्या हाताने धावत आली, त्याचा जबडा उघडला आणि आत बोटं घालून लाडू खरवडून काढला.

"बेदाणे आहेत रे त्यात! किती वेळा सांगायचं तुला?"

"लाडू आहे तो, विष नाही."

"तुला लाडू. त्याला विषच."

व्यापारी पोट धरून हसला. "दत्ताशेठ, तुमचा माल तर कुत्रा पण रिटर्न करते!"

मी उठलो. ताई ताट घेऊन मागे आली, "अरे, ओवाळून तरी घे," म्हणाली. मी गाडीत बसून काच वर केली. ज्या घरात गुळाच्या खड्यासाठी आम्ही दोघांनी मारामारी केली, त्याच घरातली बहीण माझा लाडू कुत्र्याच्याही लायकीचा धरत नाही, हे माझ्या डोक्यात बसलं. तेवढ्यावर मी थांबलो नाही. अलिबागच्या बाजारात, रेवदंड्याच्या रिक्षा स्टँडवर, जिथे बसेन तिथे ही गोष्ट रंगवून सांगितली. लोक हसायचे. पुढे पुढे ताई बाळ्याला घेऊन फिरायला निघाली की कुणीतरी विचारायचं, "बाई, लाडू देऊ काय बाळ्याला?" ज्यांना तिने पाढे शिकवले त्यातलेही काहीजण होते. ती म्हणे दोरी आखडून घ्यायची आणि पुढे जायची.

आणि मला खरं काय ते ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी अलिबागला एका गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ताई खोटी आहे हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते म्हणाले, बेदाणा, मनुका, द्राक्ष यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखादं थोडंसं खाऊनही मरतं, आणि आपलं कुत्रं कुठलं ते आधी सांगता येत नाही. तूप जास्त झालं तर स्वादुपिंड सुजतं. चॉकलेटची बर्फी नको, जायफळ घातलेलं नको. 'शुगर फ्री' म्हणून मिळतं त्यातल्या काही गोष्टी तर सगळ्यात वाईट. मी सवयीप्रमाणे घासाघीस सुरू केली. अर्धा लाडू? बेदाणे काढून? सणासुदीला एखादा पेढा? डॉक्टर हसले. "शेठ, साध्या पेढ्याच्या कणाने लगेच मरणार नाही तो. पण त्याला त्याची गरज काय? गोड खाऊ घालायची हौस तुमची आहे, त्याची नाही."

तिथून ताईचं घर रिक्षाने फार लांब नाही. मी गेलो नाही. तिचंच बरोबर निघालं याचाच मला जास्त राग आला. पुढची भाऊबीज आली, तिचा निरोप आला, मी बाहेरगावी असल्याचं कळवलं. घरीच होतो.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळा येईना. समोर कोळणी सुकट वाळत घालत होत्या, सगळे कावळे तिकडे. ताईची शेजारीण हौसाबाई मनालीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कावलं कशाला येतंय भाताला? तिकडं मावरं हाय." गुरुजी म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली असेल तर बोला कुणीतरी. भाऊ म्हणून मी पुढे झालो, हात जोडले. मनालीचं माहेर तुटू देणार नाही, म्हणालो. एक कावळा आला, माडाच्या झावळीवर बसला. घराची कौलं शाकारून देईन, म्हणालो. तो खाली उतरला. बाळ्याला मी सांभाळीन, म्हणालो. तो दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि मागे सरकला. मागून कुणीतरी दबक्या आवाजात बोललं, "दत्ताशेठ, भाव वाढवा!" आणि मयताच्या कामाला आलेली माणसं हसली.

मनाली माझ्याजवळ आली. "मामा, लाडवाचं बोला."

"इथे? माणसांत?"

"माणसांतच बोलला होतात ना?"

माझं डोकं तापलं. तिथेही तापलं. मी तिला म्हणालो, "तुझ्या आईला माझ्याकडून काही नको होतं, आता कावळ्याला काय सांगू?" कावळा सुकटीकडे उडून गेला. भरतीचं पाणी चढायला लागलं, गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. माझा कावळ्या-बिवळ्यावर फारसा विश्वास नाही. सुकट नसती तर तो आलाही असता. पण एक वाक्य बोलायचं होतं, ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या बहिणीला मी गवताच्या कावळ्यावर बोळवलं.

ते वाक्य आता इथे लिहितो, कारण त्या दिवशी हसलेली बरीचशी माणसं वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. ताईचं बरोबर होतं. चूक माझी होती, ती मला कळली होती आणि तरी मी तिचं हसं होऊ दिलं. तिला विक्षिप्त म्हणणाऱ्यांनी मला म्हणावं.

बाळ्या माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी त्याच्यापुढे बिनमिठाचा भात आणि काटे काढलेला मासा ठेवला तर तो नुसता बसून राहिला, कधी ताटलीकडे बघे, कधी माझ्याकडे. मी ओरडलो, मग विनवलं, मग मनालीला फोन केला. ती म्हणाली, "आई त्याच्या ताटलीतली दोन शितं आधी स्वतः खायची. गरम आहे का, मीठ पडलंय का बघायला. त्याशिवाय तो तोंड लावत नाही." मी फोन ठेवला, ओटीवरून आत आलो, दार लावलं, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि कुत्र्याच्या ताटलीतली दोन शितं तोंडात टाकली. अगदी अळणी... मग तो जेवायला लागला.

आता रोज संध्याकाळी ताटली ओटीवरच ठेवतो. रस्त्याने माणसं जात असतात, कुणी थांबतं, कुणी विचारतं, "शेठ, हे काय?" मी आधी शितं गिळतो, मग त्यांना लाडवाचं सांगतो.