ऑईलचा दिवा

त्यांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांचे ते कानकाका. गाडी कुरकुरली की लोक म्हणत, "आधी कानकाकांना ऐकव." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची रीत. डोळे उघडायच्या आत रोग सांगून मोकळे. ही विद्या बापाकडून आली होती, आणि तिचा ताठाही बापाकडूनच.

त्या ताठ्यापायी दोघा भावांच्या एका गॅरेजची दोन गॅरेजं झाली. धाकट्याला यंत्रं हवी होती. तेलाचं प्रेशर मोजायचं गेज हवं होतं. कानकाका म्हणाले, "देवाने दोन कान दिलेत, ते काय चष्मा अडकवायला?" शब्दाने शब्द वाढला आणि धाकट्याने रस्त्यापलीकडचं दुकान घेतलं. आई होती तोवर दोन्हीकडे डबे पोचवता पोचवता इकडचं तिकडे सांगायची. ती गेली आणि दोन शटरांच्या मध्ये नुसता रस्ता उरला.

कानकाकांचं लग्न राहूनच गेलं होतं. दुकानावरच्या खोलीत ते, एक कॉट आणि एक स्टोव्ह. गिऱ्हाइकांशी बोलणं व्हायचं ते गाडीपुरतं. वर गेलं की बोलायला भिंती. गेली काही वर्षं तर भिंतीही अबोला धरल्यासारख्या वाटायच्या. नळ ठिबकतोय हे बादली भरून वाहिल्यावर कळायचं. एकदा घड्याळाची टिकटिक थांबली म्हणून त्यांनी सेल आणला, तर घड्याळ चालूच होतं. जाड आवाज नीट यायचे, बारीक आवाज कधी निघून गेले याचा त्यांना पत्ता लागला नाही. म्हणजे लागला होता. पण कानकाकांनी ते सांगायचं कुणाला?

एके सकाळी एक नर्सबाई गाडी घेऊन आल्या. घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची ड्रेसिंगं करायच्या त्या.

"काका, सिग्नलला थांबलं की ऑईलचा लाल दिवा लागतो. गाडी पळायला लागली की विझतो."

"बघू."

त्यांनी तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल पुरेसं होतं, गळती कुठेच नव्हती. मग अर्थ दोनच उरले. एक तर दिव्याला खबर देणारा स्विच खोटं बोलत होता, नाहीतर तेल असूनही ते इंजिनात वरपर्यंत पोचत नव्हतं. तसं असेल तर झडपा हलवणारे वरचे टॅपेट कोरडे पडून टिकटिकायला लागतात. ऐकलं की झालं. कानकाकांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. इंजिनाची जाड घरघर तेवढी आली.

"स्विच गेलाय," ते म्हणाले आणि नवा स्विच बसवून मोकळे झाले. इंजिन तापलं, मंद झालं, आणि दिवा पुन्हा लागला.

मागून नर्सबाई काहीतरी बोलल्या. कानकाका बोनेटात वाकलेलेच. त्या वळसा घालून समोर आल्या. "ही टिकटिक कसली, विचारतेय मी. गेला आठवडाभर येतेय. तुम्हाला नाही येत ऐकू?"

"येते ना," कानकाका म्हणाले. "एवढी चालतेच."

"मग नेऊ का? लांब एका आजींकडे जायचंय, मधे चिटपाखरू नसतं."

आता नुसतं "न्या" म्हणायचं होतं. तेवढ्यावर जन्मभराचं नाव शाबूत राहिलं असतं. आणि इंजिन आडरस्त्यात आवळून बंद पडलं असतं, तर ही बाई तिथे आणि त्या आजी वाट बघत. दिवा लालभडक जळत होता. कानकाकांना स्वतःची लाज वाटली.

"थांबा जरा," म्हणून त्यांनी हात पुसले आणि रस्ता ओलांडला.

धाकटा एका चाकापाशी उकिडवा बसला होता. भावाला बघून तो पान्यासकट उठला.

"गेज हवंय," कानकाका म्हणाले. "ऑईल प्रेशरचं."

धाकट्याने कशाला म्हणून विचारलं नाही. गेज घेऊन तो स्वतःच निघाला.

स्विच काढून त्या जागी गेज लावलं. इंजिन पळवलं की काटा वर जायचा, सोडलं की अशक्त माणसासारखा खाली बसायचा. म्हणजे दिवा खरं बोलत होता. "टॅपेट ओरडताहेत की," धाकटा म्हणाला. कानकाकांनी काट्याकडे बघत मान डोलावली.

तेल काढून दोघांनी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. पूर्वी कुणीतरी ते बसवताना सांधा बुजवायची गॅस्केटची पेस्ट सढळ हाताने फासली होती. तिचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत अडकले होते. तेल होतं, पण पंपाला ओढता येत नव्हतं. जाळी साफ झाली, पंप तपासून झाला, चेंबर बारीक पेस्ट लावून परत चढलं. कानकाकांनी हात पुढे करावा आणि नेमका हवा तो पाना त्यात पडावा, असं चाललं होतं. हातांचं भांडण झालंच नव्हतं.

पेस्ट सुकेपर्यंत नर्सबाई बाकावर बसल्या. उशीर होईल असं त्यांनी आजींना फोनवर कळवलं. मग नवं तेल, नवा फिल्टर. काटा वर चढला आणि इंजिन मंद केलं तरी वरच राहिला. गेज काढून स्विच जागेवर गेला. दिवा विझला.

"बाई, मघाशी मी खोटं बोललो," कानकाका म्हणाले. "टिकटिक मला ऐकू आली नव्हती."

"कळलं होतं मला. एकदा कान दाखवून या, काका." एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा.

धाकटा गेजची नळी गुंडाळत होता. तो थांबला आणि भावाच्या समोर येऊन उभा राहिला. "कधीपासून, दादा?"

"झाली बरीच वर्षं."

धाकट्याने नळी सोडवली, परत गुंडाळली. "आई गेल्यावर मी रोज सकाळी शटर उघडताना तुला हाक मारायचो. तुझी पाठच असायची माझ्याकडे. वर्षभर मारली. मग म्हटलं, याला नको असेल."

"मला वाटायचं, तू इकडे बघतसुद्धा नाहीस," कानकाका म्हणाले.

पलीकडे गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून धाकटा गेला. कानकाका बाकावर बसून राहिले. एवढ्या सगळ्या सकाळी आता आणायच्या कुठून? वरच्या खोलीत जायचं त्यांना जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शटर उघडलं आणि आत न वळता रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडचं शटर वर गेलं. मधून एक ट्रक धडधडत गेला. तो सरला तेव्हा धाकटा इकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. कानकाकांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी ओ दिली.